वाचकांचे प्रश्न : बालपणातील माणसे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात : मूल नेमके कुणाच्या हातून घडते? त्यांतील पाच येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. मी पूर्ण वेळ नोकरी करते आणि दिवसभर तो माझ्या सासूबाईंजवळ असतो. हल्ली पडला, लागले किंवा झोपेतून दचकून उठला की मी समोर असतानाही तो आजीकडे धावतो. सासूबाई प्रेमळ आहेत, त्यांच्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. पण आई म्हणून मी मागे पडले का, या विचाराने रात्री झोप लागत नाही. नोकरी सोडावी का?

उत्तर : नोकरी सोडायची की नाही हे आपण घरची गरज आणि स्वतःची इच्छा पाहून ठरवावे, मुलगा आजीकडे धावतो हे त्याचे कारण होऊ नये. घाबरलेले मूल ज्या कुशीत शिरते ती त्याने भरवशाची म्हणून पारखलेली असते, आणि एका माणसावर विसंबायला शिकलेल्या मुलाला दुसऱ्यावर विसंबणे जड जात नाही. आपल्या घरात अशी एक कूस दिवसभर हजर आहे ही मला काळजीची नव्हे, निश्चिंत होण्याची गोष्ट वाटते.

आपल्या भीतीला एक इतिहास आहे. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात असे मांडले की, लहान मुलाच्या मानसिक आरोग्यासाठी आईशी जिव्हाळ्याचे आणि अखंड नाते आवश्यक असते. हे मत पुढे जगभरच्या आयांना, विशेषतः नोकरी करणाऱ्या आयांना, पुष्कळदा ऐकवले गेले. मात्र ऐकवणाऱ्यांनी त्यातला कंस बहुधा गाळला. बोल्बींनी ‘आई’ या शब्दापुढे कंसात ‘किंवा आईची जागा कायमची घेणारी व्यक्ती’ अशी पुस्ती जोडली होती. त्यांचे स्वतःचे बालपण पाहिले म्हणजे त्या ‘कायमची’ या शब्दाचे वजन कळते. ते एका दाईच्या हाती वाढले, ते चार वर्षांचे होण्याच्या सुमारास ती काम सोडून गेली, आणि ते दुःख आई गमावल्यासारखे होते असे त्यांनी पुढे सांगितले. सांभाळणारे माणूस एकाहून अधिक असले म्हणून मूल बिघडत नाही. ज्याच्यावर ते विसंबले तेच माणूस एकाएकी नाहीसे झाले तर त्याला धक्का बसतो.

मूल एकट्या आईनेच वाढवायचे ही कल्पना मानवाच्या इतिहासाशीही जुळत नाही. सारा हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी दाखवून दिले आहे की चिंपांझी मादी आपले नवजात पिल्लू पहिले काही महिने दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही, मानवी माता मात्र पहिल्या दिवसापासून बाळ इतरांच्या हाती देते. आजी, मावशी, थोरली बहीण यांच्या मदतीवरच मानवजात तगली. टांझानियातील हाडझा या शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्या समाजात क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, आईला नवे बाळ झाले की आधीच्या मुलाची वाढ आजी किती कष्ट करून अन्न गोळा करते यावर अवलंबून असते. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर जोतीराव फुले तान्हे असतानाच त्यांच्या आई चिमणाबाई वारल्या आणि सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवले. जोतीरावांच्या घडणीचा शोध घेणाऱ्या चरित्रकाराला सगुणाबाईंपाशी थांबावेच लागते.

आता आपण काय करावे? सासूबाईंशी स्पर्धा करू नये. त्यांनी दिवसभर जे सांभाळले तेच सायंकाळी दुप्पट करून दाखवण्याऐवजी दिवसातले एखादे काम, मग ते अंघोळ असो वा झोपताना गोष्ट सांगणे असो, ठरावीक वेळी आणि न चुकता आपलेच असावे. कामावर निघताना त्याला चुकवून, पाठमोरे असताना सटकू नये. तो रडला तरी सांगून निघावे, म्हणजे गेलेले माणूस परत येते हे त्याला रोज पाहता येते. आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा ‘तुला कोण जास्त आवडते, आई की आजी?’ असे विचारतो, त्याला तेथेच, गोड बोलून का होईना, थांबवावे. या एका प्रश्नाने घराघरांत जेवढे नुकसान केले आहे तेवढे कुणाच्या नोकरीने केले नसेल.

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांचा आहे. वडिलांनी मला कधी मारले नाही आणि कधी शाबासकीही दिली नाही. प्रगतिपुस्तक पुढे केले की ते सही करून परत देत, एक शब्द बोलत नसत. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. परवा माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने काढलेले चित्र मला दाखवले आणि मी मान वर न करता ‘ठेव तिथे’ म्हणालो. तो आवाज माझा नव्हता, वडिलांचा होता. मला जे मिळाले तेच मी तिला देणार का?

उत्तर : आपण तो आवाज ओळखलात, हीच आपल्या पत्रातली मला सर्वांत आशादायक वाटलेली गोष्ट आहे, आणि हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही.

१९८० च्या दशकात मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारण्याची एक मुलाखत तयार केली. तीत आईचे आणि वडिलांचे वर्णन प्रत्येकी पाच विशेषणांत करण्यास सांगतात, आणि मग प्रत्येक विशेषणाला आधार देणारा एकेक प्रसंग विचारतात. उत्तरे तपासताना बालपण सुखाचे होते की दुःखाचे याला जितके महत्त्व दिले जाते त्याहून अधिक महत्त्व ते सांगण्यातल्या सुसंगतीला असते. कुणी ‘फार प्रेमळ’ म्हणतो आणि एकही प्रसंग सांगू शकत नाही; कुणी तीस वर्षांपूर्वीच्या अपमानाविषयी बोलताना अजून तेथेच अडकलेला असतो; तर कुणी कठीण बालपणही, त्यातले बरे आणि वाईट जागच्या जागी ठेवून, सरळ सांगतो. या तिसऱ्या प्रकारच्या माणसांची मुले पुष्कळदा निर्धास्त वाढतात. लंडनमध्ये पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांच्या अशा मुलाखती घेतल्या आणि त्यांवरून, अजून जन्मालाही न आलेले बाळ वर्षाचे झाल्यावर आईशी कसे जोडलेले असेल, याचा अंदाज सुमारे चारपैकी तीन वेळा बरोबर बांधला. तो अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. एखाद्याला काय मिळाले यावर सारे ठरत असते तर प्रश्नच मिटला असता. मिळालेल्याकडे तो आज कसे पाहतो यावरही पुष्कळ अवलंबून असते.

म्हणून आपणही एके दिवशी कागद घेऊन वडिलांसाठी पाच विशेषणे लिहावीत आणि प्रत्येकापुढे एक प्रसंग मांडावा. ‘अबोल’ हे पहिले असेल. पाचवे कोणते येते ते पाहण्यासारखे असते. आम्ही भावंडांनी हा उद्योग एकदा केला, तेव्हा तिघांची मिळून पाच नव्हे, बारा विशेषणे निघाली आणि त्यांतली काही एकमेकांच्या विरुद्ध होती. एकाच घरात वाढून आम्हा प्रत्येकाच्या वाट्याला वेगळे वडील आले होते.

हा कागद लिहिताना दोन सोप्या वाटा टाळाव्यात. एक म्हणजे ‘त्या पिढीचे पुरुष तसेच होते, मनातून त्यांचे प्रेम होतेच’ असे म्हणून विषय मिटवणे. ते खरे असू शकते. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ मुलाला हवे असलेले पुस्तक घेण्यासाठी हाती पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा दागिना गहाण ठेवीत आणि निवृत्तिवेतन आले की सोडवून परत करीत. असे प्रेम शब्दांवाचूनही मुलापर्यंत पोहोचते. परंतु ते पोहोचले याचे कारण मुलाला ते दिसत होते. आपल्या वडिलांचे जे आपल्याला दिसले नाही ते आपल्यापर्यंत पोहोचले नाही, आणि तसे मान्य करण्यात कृतघ्नपणा नाही. दुसरी वाट म्हणजे आपल्या सगळ्या उणिवांची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे. त्यांनी आयुष्यभर आपल्यासाठी कष्ट केले आणि ते आपल्याशी बोलले नाहीत, ही दोन्ही वाक्ये एकापुढे एक ठेवावीत आणि मध्ये ‘पण’ घालू नये.

आता मुलीच्या चित्राकडे वळू. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात आया आणि तान्ही बाळे यांच्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. बाळाशी हसत-खेळत असलेली आई सांगितल्यावरून एकाएकी निर्विकार चेहरा करून बसते. बाळ हसते, हातवारे करते, ओरडते, आणि काहीच परत येत नाही असे दिसल्यावर तोंड फिरवते. आपल्या वडिलांपुढे प्रगतिपुस्तक धरून उभा असलेला मुलगा मला या प्रयोगात दिसतो. परंतु याच संशोधनाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. ट्रॉनिक यांना असेही आढळले की, अगदी निरोगी, प्रेमळ जोड्यांमध्येही आई आणि बाळ यांचे सूर निम्म्याहून बराच कमी वेळ जुळलेले असतात. बाकीचा वेळ चुकण्यात आणि पुन्हा जुळवून घेण्यात जातो. मुलाला न चुकणारे आईवडील लागत नाहीत. चूक झाल्यावर परत येणारे लागतात.

तेव्हा आज घरी गेल्यावर ते चित्र मागून घ्यावे. ‘परवा मी नीट पाहिले नाही, आता दाखव’ एवढे म्हणणे पुरे. त्यावर भाषण नको. ‘छान’, ‘हुशार आहेस’ असेही घाईने म्हणू नये. क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्या मुलांच्या हुशारीची स्तुती झाली ती मुले पुढे अवघड कामे टाळू लागली आणि एका अपयशानंतर लवकर खचली. ज्यांच्या प्रयत्नांची दखल घेतली गेली ती टिकून राहिली. आपल्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसासाठी हे सोयीचेच आहे, कारण आपल्याला स्तुतीचे शब्द शोधायचे नाहीत. ‘हे झाड एवढे वाकडे का काढलेस?’ असे खरोखर जाणून घेण्यासाठी विचारावे आणि ती सांगेल ते ऐकावे. वडिलांचा आवाज आपल्या तोंडून पुन्हा येईल, वर्षभरात वीस वेळा येईल. प्रत्येक वेळी परत यावे.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. वडील म्हणतात विज्ञान शाखा घे, आणि ज्या मामाने मला लहानपणापासून चित्रकला शिकवली तो म्हणतो कलेकडे जा. दोघांचेही माझ्यावर प्रेम आहे. कुणाचे ऐकू?

उत्तर : तुझ्या पत्रात वडिलांना काय हवे ते आहे, मामाला काय हवे ते आहे, आणि तुला काय हवे ते कुठेच नाही, ते आधी लिहून काढ. मग दोघांना वेगवेगळे गाठून, मी काय करू असे न विचारता, ‘तुम्ही पंधरा वर्षांचे असताना काय ठरवले होते आणि पुढे काय झाले?’ असे विचार. मोठी माणसे सल्ला देताना बरेचदा स्वतःच्याच जुन्या निर्णयाशी वाद घालत असतात, आणि तो वाद कोणता हे कळले की त्यांचा सल्ला किती घ्यायचा हेही कळते. एक गोष्ट दोघांनाही स्पष्ट सांग : तुझी निवड ही कुणावरच्या प्रेमाची परीक्षा नाही.

प्रश्न : मी निवृत्त अभियंता आहे. शेजारच्या बारा वर्षांच्या मुलाचे वडील गेल्या वर्षी वारले. तो माझ्याकडे येऊन बसतो, बिघडलेली यंत्रे उघडून पाहतो, गणिते विचारतो. मलाही त्याचा लळा लागला आहे. परंतु आठ महिन्यांनी मी मुलाकडे दुसऱ्या देशात कायमचा राहण्यास जाणार आहे. अशा वेळी त्याला जवळ करावे की आत्तापासूनच अंतर ठेवावे?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन अभ्यासात, मुलांना मोठ्या माणसाची सोबत मिळवून देणाऱ्या एका उपक्रमातील सुमारे अकराशे मुलांची माहिती तपासली. वर्षाहून अधिक टिकलेल्या जोड्यांतील मुलांना सर्वांत अधिक लाभ झाला. ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत मोडल्या त्यांतील मुलांची स्वतःविषयीची किंमत पूर्वीपेक्षाही खाली आली होती. आधीच एक माणूस गमावलेल्या मुलाच्या बाबतीत हे अधिकच लक्षात ठेवावे लागते.

तरीही अंतर ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. हवाईमधील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या सर्व, म्हणजे ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजारपण अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती, मायाळू माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात वारंवार आढळलेली गोष्ट म्हणजे त्यांना मनापासून जवळ करणारे किमान एक मोठे माणूस. ते माणूस आजोबा होते, थोरले भावंड होते, शिक्षक होते, शेजारीही होते.

शेजाऱ्यांविषयी तर जोतीरावांच्या चरित्रातला प्रसंग आठवावा. गोविंदरावांनी मुलाची शाळा थांबवून त्याला मळ्यातल्या कामाला लावले होते. फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांनी त्याची बुद्धी हेरून वडिलांचे मन वळवले, आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले. याउलट कृष्णराव अर्जुन केळूसकर. बागेत एकटाच वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला, त्याची विचारपूस केली, १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले आणि पुढे पैशांअभावी शिक्षण अडले असता सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. एकीकडे नेमक्या वेळी केलेली रदबदली आहे, दुसरीकडे वर्षानुवर्षे ठेवलेले लक्ष आहे. आपल्याजवळ आठ महिने आहेत, म्हणजे दोहोंच्या मधले काहीतरी करता येईल.

माझ्या मते चार गोष्टी कराव्यात, आणि पहिली याच आठवड्यात. आपण जाणार आहोत हे त्याला महिन्यासह सांगावे. बारा वर्षांच्या मुलाला ते पेलते, पेलत नाही ते अचानक उघडकीला येणे. दुसरे, त्याच्या आईशी बोलून तो कधी आणि किती वेळ येणार हे ठरवावे, आणि दार उघडे ठेवून बसावे. यात आपल्यावर संशय नाही, मुलांच्या बाबतीत हा नियम सर्वांनाच लागू असावा. तिसरी गोष्ट अभियंत्यांना सर्वांत अवघड जाते : त्याच्या हातातला पेचकस घेऊ नये. डेव्हिड वुड, जेरोम ब्रुनर आणि गेल रॉस यांनी १९७६ साली लहान मुलांना लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचायला शिकवण्याचा अभ्यास केला आणि चांगल्या शिकवण्याला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली. परांची भिंतीच्या उंचीप्रमाणे चढवतात आणि भिंत उभी राहिली की उतरवतात. जेथे तो अडेल तेथेच आणि तेवढीच मदत करावी. चौथे, जाण्याआधी त्याची आणखी एका माणसाशी, ओळखीतल्या कारागिराशी किंवा शाळेतल्या शिक्षकांशी, गाठ घालून द्यावी. ‘रोज फोन करीन’ असे आश्वासन देऊ नये. रविवारी सकाळी अमुक वाजता, एवढेच ठरवावे आणि पाळावे.

प्रश्न : मी सत्तर वर्षांचा आहे. शाळेत असताना ज्या शिक्षकांनी मला भाषेची गोडी लावली आणि फीचे पैसे गुपचूप भरले, ते आज त्र्याण्णव वर्षांचे आहेत असे कळले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी भेटलो नाही, कधी कळवलेही नाही. आता पत्र लिहिणे उशिराचे, किंबहुना दिखाऊ वाटेल का? त्यांना मी आठवतही नसेन.

उत्तर : ते हयात आहेत, तेव्हा उशीर झालेला नाही.

आल्बेर काम्यू हे फ्रेंच लेखक वर्षाचेही नव्हते तेव्हा त्यांचे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. आई लिहितावाचता न येणारी आणि जवळजवळ बहिरी. घरात हुकूम चाले तो कडक आजीचा, आणि मुलाने लवकर कामाला लागावे असे तिचे मत होते. लुई जेर्मँ या प्राथमिक शिक्षकांनी आजीचे मन वळवले, मुलाला फुकट शिकवून शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले, आणि त्याच्यापुढे माध्यमिक शाळेचे दार उघडले. १९५७ साली काम्यूंना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा गडबड थोडी ओसरल्यावर त्यांनी जेर्मँ यांना पत्र लिहिले आणि कळवले की, ही बातमी ऐकल्यावर आईनंतर पहिला विचार आपला आला. पारितोषिकाच्या वेळची भाषणे पुस्तकरूपाने आली ती त्यांनी या शिक्षकांनाच अर्पण केली. १९५९ सालच्या जेर्मँ यांच्या पत्राचा मायना मला फार आवडतो : पंचेचाळीस वर्षांच्या, जगप्रसिद्ध माणसाला ते ‘माझ्या लाडक्या छोट्या’ असे संबोधतात.

आपण त्यांना आठवत असाल की नाही याचा विचार करू नये. शेकडो मुले हाताखालून गेलेल्या शिक्षकाला एखादा चेहरा आठवला नाही तर त्यात काही उणे नाही. म्हणून पत्राच्या आरंभीच आपले नाव, वर्ष, तुकडी आणि कोणत्या बाकावर बसत होता ते लिहावे. ‘आपले अनंत उपकार आहेत’ अशी वाक्ये टाळावीत, कारण ती कुणीही कुणालाही लिहू शकते. त्याऐवजी एक तास, एक कविता, त्यांनी फळ्यावर लिहिलेला एखादा शब्द आणि तो पुढे आपल्या आयुष्यात कुठे उपयोगी पडला, एवढे लिहावे. फीचा उल्लेख करावा की नाही, याविषयी मी थोडा विचार केला. त्यांनी ते गुपचूप केले होते, तेव्हा इतरांपुढे नको. पण पत्रात एका ओळीत, आपल्याला ते तेव्हाही ठाऊक होते, असे जरूर कळवावे.

अक्षर मोठे काढावे, म्हणजे त्यांना दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागणार नाही. आणि पाकीट चिकटवण्यापूर्वी शुद्धलेखन एकदा तपासावे. भाषेचे शिक्षक त्र्याण्णवाव्या वर्षीही ऱ्हस्व-दीर्घ पाहतात.